दुहीच्या काळातील एक पुरोहित : संत जोसेफ वाझ

इ. स. १६८१ साली मंगळूरच्या परिसरात राहणाऱ्या एखाद्या कॅथलिक कुटुंबापुढे एक विचित्र पेच उभा होता. घरात कोणी मरणोन्मुख असेल, तर अंतिम संस्कारासाठी कोणत्या फादरांना बोलवावे? गोव्याच्या आर्चबिशपांनी पाठविलेल्या फादरांना, की रोमहून नेमणूक घेऊन आलेल्या बिशपांच्या फादरांना? एकाने दिलेली पापक्षमा दुसऱ्याच्या मते ग्राह्य नव्हती. एकाने लावलेले लग्न दुसऱ्याच्या मते लग्नच नव्हते. दोघेही एकच विश्वासांगिकार म्हणत, एकाच वेदीवर एकच यज्ञ अर्पण करीत आणि एकाच पोपसाहेबांसाठी प्रार्थना करीत. तरीही त्या बिचाऱ्या भाविकाच्या मनात शंका राहून जाई, की आपल्या पापांची खरोखर क्षमा झाली की नाही.

धर्मसभेच्या इतिहासात पाखंडाने घडविलेल्या फुटीची चर्चा पुष्कळ होते. परंतु सिद्धांताचा काडीमात्र फरक नसताना केवळ अधिकाराच्या प्रश्नावरून घडलेली फूट अधिक क्लेशकारक असते. कारण तीत दोन्ही बाजूंना आपण देवाचीच बाजू राखीत आहो असे प्रामाणिकपणे वाटत असते. अशा फुटीच्या मध्यभागी ज्या पुरोहिताला नेमून पाठविले जाते, त्याने आपल्या पाचारणाचा अर्थ कोठे शोधावा? आपणां धर्मगुरूंपुढे आणि धर्मशिक्षकांपुढे हा प्रश्न निरनिराळ्या रूपांनी वरचेवर येतो. म्हणून गोव्याचे सुपुत्र संत जोसेफ वाझ यांच्या जीवनाकडे या एका प्रश्नाच्या अनुषंगाने पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पाद्रोआदो आणि प्रोपागांदा

या कलहाचे मूळ थोडक्यात ध्यानी घेतले पाहिजे. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत पोपमहोदयांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील धर्मसभेचे आश्रयदातृत्व दिले. चर्चे बांधणे, धर्मगुरूंना वेतन देणे आणि मिशनांचा खर्च चालविणे ही राजाची जबाबदारी. त्या बदल्यात बिशपांची नावे सुचविण्याचा हक्कही त्याचाच. यालाच पाद्रोआदो म्हणतात. सतराव्या शतकात पोर्तुगालची सत्ता क्षीण होऊ लागली. जबाबदारी पेलण्याचे बळ उरले नाही, परंतु हक्क सोडण्याची तयारीही नव्हती. इकडे १६२२ साली पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी प्रोपागांदा फिदे हे खाते रोममध्ये स्थापन केले. जेथे पोर्तुगीज सत्ता पोहोचत नव्हती तेथे हे खाते प्रेषितीय प्रतिनिधी म्हणून बिशप नेमू लागले. गोव्याने त्यांना मान्यता नाकारली, आणि एका मेंढवाड्याला दोन दरवाजे झाले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. हा केवळ युरोपियनांचा आपसांतील तंटा नव्हता. प्रोपागांदाने १६३७ साली ज्यांना बिशपपदाची दीक्षा दिली ते मातेउश द कास्त्रो हे दिवाडी बेटावरील गोमंतकीय ब्राह्मण घराण्यातील होते. गोव्यात एतद्देशीय पुरोहितांना युरोपियन धर्मसंघांत प्रवेश मिळत नसे आणि उच्चपद तर दूरच राहिले. या अन्यायाविरुद्ध ते आयुष्यभर भांडले. त्यांचेच पुतणे थोमास द कास्त्रो हे पुढे कानडा प्रांताचे प्रेषितीय प्रतिनिधी म्हणून मंगळुरास आले. म्हणजे गोव्याच्या बाजूने पाठविलेला पुरोहित गोमंतकीय, आणि ज्यांच्याशी त्याने झगडावे अशी अपेक्षा होती ते बिशपही गोमंतकीयच.

कानड्यातील तीन वर्षे

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतील बाणावली या त्यांच्या आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. गोव्यात शिक्षण होऊन १६७६ साली त्यांना पुरोहितदीक्षा मिळाली. दुसऱ्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून अर्पण करणारे एक पत्र लिहिले. हे दास्यपत्र त्यांच्या पुढील सर्व वर्तनाची किल्ली आहे असे म्हणावयास हरकत नाही. ज्याने स्वतःस एकदा दास म्हणवून घेतले, त्याला मानापमानाच्या भांडणात फारसे काही गमावण्यासारखे उरत नाही.

१६८१ साली गोव्याने त्यांना कानड्याचे प्रमुख धर्मगुरू म्हणून पाठविले. गोव्याचा अधिकार तेथे टिकवून धरावा हा या नेमणुकीचा हेतू होता. वय अवघे तीस वर्षांचे. अशा वेळी तरुण मनाला दोन मोह होतात. एक, आपल्या पक्षाचा कैवार घेऊन नाव कमवावे. दुसरा, सगळ्या भांडणाचाच वीट येऊन हात झाडून मोकळे व्हावे. फादर वाझ यांनी तिसरा मार्ग धरला. ते स्वतः बिशप थोमास यांच्या भेटीस गेले आणि त्यांचे रोमचे नियुक्तिपत्र पाहावयास मागितले. ते पाहून खात्री पटल्यावर त्यांनी गोव्यास तसे कळविले. गोव्याहून आलेला सल्ला निराळा असतानाही त्यांनी बिशपांशी एक तात्पुरता समेट घडवून आणला : पोपमहोदयांचा अंतिम निर्णय येईपर्यंत बिशपांनी आपला अधिकार गोव्याच्या पुरोहितांना प्रदान करावा, म्हणजे संस्कारांच्या ग्राह्यतेविषयी लोकांच्या मनात किंतु राहू नये.

या समेटाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. मूळ वाद कोणाचा खरा, याचा निकाल फादर वाझ यांनी लावला नाही. तो लावणे त्यांच्या हाती नव्हते. तो वाद त्यांच्या पश्चात दोनशे वर्षांहून अधिक काळ धुमसत राहिला. १८८६ साली भारतात नियमित धर्मप्रांतांची व्यवस्था झाली, आणि मुंबईतील दुहेरी अधिकार तर १९२८ च्या कराराने संपुष्टात आला. फादर वाझ यांनी एवढेच विचारले, की वरिष्ठांचा निकाल लागेतोवर मंगळूरच्या त्या मरणोन्मुख माणसाचे काय? या प्रश्नाला जे उत्तर देता येण्याजोगे होते ते त्यांनी दिले. मग मोडकळीस आलेली प्रार्थनामंदिरे पुन्हा उभारणे, शाळा काढणे, भाविकांचे बंधुसंघ स्थापणे आणि बंदिवानांची सुटका करविणे या कामांत त्यांनी उरलेला काळ घालविला.

परतल्यावरचा गोवा

१६८४ साली ते गोव्यास परतले, तेव्हा गोवा एका मोठ्या धक्क्यातून नुकताच सावरत होता. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने साष्टी आणि बार्देश व्यापले होते. पोर्तुगीज सत्ता जाते की राहते अशी वेळ आली होती, आणि विजरई कोंद द आल्व्होर यांनी आपला राजदंड संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीपाशी ठेवून त्यांची करुणा भाकली होती. मोगलांची फौज कोकणात उतरल्यामुळे मराठ्यांना मागे फिरावे लागले. संकट टळले, परंतु संशय वाढला. त्याच विजरईने २७ जून १६८४ रोजी हुकूम काढला, की एतद्देशीयांनी तीन वर्षांच्या आत आपली मायबोली टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भूमीत १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण मराठीत छापले गेले, त्याच भूमीत सत्तर वर्षांच्या आत लोकभाषेवर ही वेळ यावी, हे भयग्रस्त सत्तेचे लक्षण होय.

या वातावरणात काही गोमंतकीय पुरोहित एकत्र येऊन सामुदायिक व्रतस्थ जीवन जगू पाहत होते. युरोपियन संघांचे दरवाजे त्यांना बंद होते. फादर वाझ १६८५ साली त्यांच्यात सामील झाले, आणि लौकरच त्यांना प्रमुख निवडण्यात आले. संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीच्या धर्तीवर हा संघ उभा राहिला. १७०६ साली त्यास रोमची मान्यता मिळाली. मातेउश द कास्त्रो आणि जोसेफ वाझ यांच्यापुढे अन्याय एकच होता. एकाने त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि तो आवाज योग्यच होता. दुसऱ्याने त्या बंद दरवाजाबाहेरच एक घर बांधले, आणि पुढे त्याच घरातून दीडशे वर्षे श्रीलंकेला धर्मगुरू मिळत राहिले. कोणाचा मार्ग अधिक फलदायी ठरला हे इतिहासाने सांगितले आहे. तथापि पहिल्याचे दुःख खोटे होते असा त्याचा अर्थ कोणी करू नये.

लंकेतील दोन शत्रू आणि एक आश्रय

लंकेच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीजांची सत्ता डच लोकांनी हिरावून घेतली होती. १६५६ साली कोलंबो पडले, १६५८ साली जाफना. डच हे कॅल्व्हिनपंथी. त्यांनी कॅथलिक पुरोहितांना हाकलून लावले आणि त्यांना आसरा देणाऱ्यास देहांताची शिक्षा ठरविली. तीसएक वर्षे तेथील कॅथलिक लोक पुरोहितावाचून होते. ही हकीकत फादर वाझ यांनी ऐकली होती, आणि ती त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. १६८६ साली त्यांनी संघाचे प्रमुखपद सोडून गोव्याचा निरोप घेतला. १६८७ साली जॉन नावाच्या सेवकासह मजुराच्या वेषात ते जाफन्याच्या किनाऱ्यास लागले. प्रवासात जडलेल्या अतिसाराने ते मरणाच्या दारी पोहोचले होते. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरत. ती माळ पाहून ज्याच्या डोळ्यांत काही हलेल तो आपला माणूस, अशी त्यांची ओळख पटविण्याची रीत होती.

१६८९ च्या नाताळात जाफन्याच्या कॅथलिकांवर डच शिपायांनी धाड घातली. फादर वाझ निसटले. परंतु समाजातील प्रमुख मंडळींना धरून त्यांचा छळ करण्यात आला. त्या कारवाईमागील डच अधिकारी हेन्रिक व्हान रेड हा सामान्य मनुष्य नव्हता. मलबारच्या वनस्पतींवरील 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा थोर ग्रंथ त्यानेच सिद्ध करविला. त्या कामी रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या गौड सारस्वत वैद्यांचे त्याने साहाय्य घेतले आणि त्यांची नावे ग्रंथात सन्मानाने नोंदविली. परक्या विद्येचा आदर करणारा मनुष्य शेजारच्या ख्रिस्ती पंथाविषयी इतका निष्ठुर होऊ शकतो, हे पाहून आपण अंतर्मुख व्हावे. आपला द्वेष दूरच्याशी क्वचितच असतो. तो बहुधा सख्ख्या भावाशी असतो.

यानंतर फादर वाझ पुत्तलमकडे, म्हणजे कँडीच्या राजाच्या मुलखात गेले. १६९२ साली ते राजधानी कँडीस पोहोचले. तेथे एका फ्रेंच कॅल्व्हिनपंथीयाने ते पोर्तुगीज हेर असल्याची चहाडी केली, आणि राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना कैदेत टाकले. या कैदेत ते सिंहली भाषा शिकले. त्यांच्या मायभूमीत लोकांची भाषा टाकावयास लावणारा हुकूम निघालेला होता, आणि हा साष्टीकर पुरोहित परमुलखाच्या तुरुंगात लोकांची भाषा शिकत होता. पुढे कुंपणात एक झोपडी आणि वेदी उभारण्याची मोकळीक त्यांना मिळाली, आणि कँडीतील कॅथलिक हळूहळू तेथे येऊ लागले.

त्यांचे चरित्रकार एक प्रसंग सांगतात. मोठा दुष्काळ पडला असता राजाच्या विनंतीवरून फादर वाझ यांनी चौकात क्रूस उभारून प्रार्थना केली आणि विपुल पाऊस पडला. या प्रसंगानंतर राजाचा लोभ त्यांच्यावर जडला. परंतु राजाचे मन खऱ्या अर्थाने जिंकले गेले ते १६९७ च्या देवीच्या साथीत, असे मला वाटते. राजापासून रंकापर्यंत सर्वांनी नगर सोडले. स्वतःच्या आप्तांना लोक रानात टाकून पळाले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो हे मात्र राहिले. त्यांनी रोग्यांसाठी निवारे उभारले, त्यांना अन्नपाणी दिले, त्यांचे व्रण धुतले आणि मृतांना मूठमाती दिली. रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती हे त्यांनी विचारले नाही.

येथे इतिहासकाराने एक ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ख्रिस्ती म्हणविणारी एक सत्ता दुसऱ्या ख्रिस्ती समाजाचा छळ करीत असताना त्या छळलेल्यांना आश्रय दिला तो एका बौद्ध राजाने. त्यापूर्वी पोर्तुगीजांनी मुसलमानांना किनाऱ्यावरून हुसकले, तेव्हाही कँडीच्या राजानेच त्यांना आपल्या मुलखात वसविले होते. आपल्या पूर्वसूरींच्या सत्तेने जे केले त्याची ही दुसरी बाजू झाकून संत जोसेफ वाझ यांची थोरवी सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उलट त्यांची थोरवी अशी, की तोफा आणि तारवे यांच्या पाठबळावाचून, एका परधर्मीय राजाचा पाहुणा म्हणून, त्यांनी ख्रिस्ताची सेवा केली.

धर्मशिक्षकांवर उभी राहिलेली धर्मसभा

१६९६ पासून गोव्याच्या ऑरेटरीतून आणखी पुरोहित येऊ लागले. तरीही संपूर्ण बेटास मूठभर पुरोहित म्हणजे वर्षातून एखाद्या खेपेस एका गावाचे दर्शन. यास्तव फादर वाझ यांनी गावोगाव प्रापंचिकांतून जबाबदार माणसे नेमली. समाजाची देखरेख करणारा मुप्पू, आणि प्रार्थना चालविणारा व धर्मशिक्षण देणारा अण्णावी. रविवारी लोकांना जमविणे, आसन्नमरण बालकास स्नानसंस्कार देणे, मृताजवळ प्रार्थना म्हणणे आणि पुरोहित येणार असल्यास गुप्तपणे निरोप पोहोचविणे ही त्यांची कामे होती. धाड पडली की पहिला घाव याच माणसांवर पडे. आपल्या धर्मशिक्षक बंधुभगिनींनी हे मुद्दाम ध्यानी घ्यावे. संतांची नावे दिनदर्शिकेत येतात; अण्णावींची नावे येत नाहीत, परंतु त्यांच्यावाचून ती धर्मसभा टिकली नसती.

१७०५ च्या सुमारास रोमचे प्रतिनिधी माय्यार द तुर्नाँ यांनी फादर वाझ यांना बिशप व प्रेषितीय प्रतिनिधी करण्याचा मानस व्यक्त केला. त्यांनी नम्रपणे नकार दिला. यात विनय होताच. परंतु मला त्यात मंगळूरचा अनुभवही दिसतो. त्या पदाबरोबर कोचीनच्या बिशपांच्या अधिकाराशी नवा तंटा आला असता, आणि एका मेंढवाड्यास दोन दरवाजे झाल्याने मेंढरांचे काय होते हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्याच वर्षी दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस लंकेत उतरले. त्यांनी पुढे सिंहली व तमिळ या दोन्ही भाषांत विपुल ग्रंथरचना केली. दोन भाषिक समाजांच्या एकाच धर्मसभेला त्यांनी दोन्ही भाषांत शब्द दिले, आणि एकीला थोरली व दुसरीला धाकटी केली नाही.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे फादर वाझ यांनी देह ठेवला. गोव्यास ते पुन्हा परतले नाहीत. सेबास्तियांव द रेगो या गोमंतकीय ऑरेटोरियन फादरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १७४५ साली लिस्बन येथे प्रसिद्ध झाले. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे त्यांना धन्य घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तेथेच त्यांना संतपद बहाल केले. त्याच दिवशी पोप फ्रान्सिस मढू येथील मरियामातेच्या तीर्थस्थानास गेले. तमिळ व सिंहली हे दोन्ही भाविक समाज जेथे गुडघे टेकतात ते हे स्थान १९८३ ते २००९ या काळातील यादवी युद्धात रणभूमीच्या तोंडाशी होते. तीनशे वर्षांपूर्वी दोन्ही भाषांत ज्यांनी पापनिवेदने ऐकली त्या संताचा गौरव आणि त्या जखमी तीर्थस्थानाची भेट एकाच दिवशी व्हावी, हे मला अर्थपूर्ण वाटते.

आपल्यापुरता विचार

आपणांपैकी अनेकांच्या धर्मग्रामांत दोन वा तीन भाषांचे लोक आहेत. सीमाभागातील एका धर्मग्रामात मी सेवा करीत असताना सणाची मिस्सा कोणत्या भाषेत व्हावी यावरून असा वाद पेटला, की एका वर्षी काही कुटुंबे सणास आलीच नाहीत. मी तेव्हा तरुण होतो. दोन्ही बाजूंची पत्रे वाचण्यात, न्याय कोणाचा हे ठरविण्यात आणि वरिष्ठांस अहवाल लिहिण्यात माझे काही महिने गेले. त्या महिन्यांत न आलेल्या कुटुंबांपैकी एका घरातील वृद्ध आजी निवर्तल्या. त्यांच्या अंथरुणाजवळ मी त्या काळात एकदाही गेलो नव्हतो. मला कोणी बोलावले नाही, हे खरे. पण मीही गेलो नाही. फादर वाझ यांचे चरित्र मी नंतर वाचले, आणि मंगळूरच्या त्या समेटाचा अर्थ मला त्या आजींमुळे कळला.

कलह मिटल्यावर आपल्या सेवेला अर्थ येईल अशी वाट आपण पाहत असतो. धर्मप्रांतातील मतभेद निवळू द्या, भाषेचा प्रश्न सुटू द्या, मग आपण खऱ्या कामास लागू, असे मनाशी म्हणतो. संत पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिले तेव्हा तेथे कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, तर कोणी केफाचा म्हणवीत होता. त्या गटबाजीची त्याने कानउघाडणी केली, परंतु ती संपेपर्यंत शिकवण थांबविली नाही. प्रीतीविषयीचा त्याचा प्रसिद्ध अध्याय त्याच भांडखोर मंडळीला उद्देशून लिहिलेला आहे. फादर वाझ यांच्या साठ वर्षांच्या आयुष्यात एकही मोठा कलह मिटला नाही. पाद्रोआदो आणि प्रोपागांदा भांडतच राहिले, डचांची बंदी उठली नाही, गोव्यातील भेदभाव संपला नाही. तथापि त्यांचे जीवन अपुरे राहिले असे कोणी म्हणणार नाही.

न्यायाचा प्रश्न गौण आहे असे मी सुचवीत नाही. फादर वाझ यांनी बिशपांचे नियुक्तिपत्र पाहावयास मागितले, आणि जे सत्य आढळले ते आपल्याच वरिष्ठांना न आवडणारे असतानाही कळविले. सत्य जाणून घेणे हे पुरोहिताचे कर्तव्यच आहे. परंतु निकाल आपल्या हाती नसेल तेव्हाही आजचा रोगी, आजचा बंदिवान आणि न बोलावता ज्याच्या घरी जावयास हवे असा आजचा रुसलेला भाविक, हे तर आपल्या हाती असतात.

दरवर्षी १६ जानेवारीस संत जोसेफ वाझ यांचा सण येतो. त्या दिवशी प्रवचनात त्यांच्या पावसाच्या चमत्काराची कथा आपण अवश्य सांगावी. मात्र त्याच्या आदल्या संध्याकाळी, आपल्या धर्मग्रामात जे घर आपणांशी किंवा एकमेकांशी अबोला धरून आहे, त्या घरी आपण धर्मशिक्षकांसह जाऊन यावे. सणाची त्याहून चांगली तयारी मला तरी सुचत नाही.